सहातले तीन, दोनातले चार : एफएक्स-६३०० आणि कोअर आय३-३२२०

एएमडीचा एफएक्स-६३०० हा प्रोसेसर सहा कोअरचा म्हणून विकला जात असे. तोच प्रोसेसर बसवलेल्या संगणकावर विंडोज १० मधले टास्क मॅनेजर उघडले, की मात्र कोअर तीन आणि लॉजिकल प्रोसेसर (म्हणजे विंडोजला एकेक काम सोपवता येईल अशा जागा) सहा अशी नोंद दिसते. बाजारात ज्याच्याशी त्याची थेट स्पर्धा होती, त्या इंटेलच्या कोअर आय३-३२२० बाबत हेच टास्क मॅनेजर कोअर दोन आणि लॉजिकल प्रोसेसर चार असे सांगते, आणि इंटेलचेही म्हणणे तेच असते. म्हणजे एका कंपनीचा आकडा विंडोजला मान्य आहे आणि दुसरीचा नाही. यात खोटे कोण बोलत होते, हा प्रश्न पुढे अमेरिकेतल्या न्यायालयापर्यंत गेला. त्याचे काय झाले ते ओघात येईलच. आधी हे पाहायला हवे, की दोन्ही कंपन्यांनी ‘कोअर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या रचनांसाठी वापरला होता, आणि त्यामुळे नुसते आकडे समोरासमोर मांडून सहा म्हणजे दोनाच्या तिप्पट असा हिशेब करणाऱ्याची फसगत अटळ होती.

दोन्ही प्रोसेसर २०१२ मधले आहेत. आय३-३२२० सप्टेंबरात आला आणि त्याची अमेरिकेतली जाहीर किंमत ११७ डॉलर होती. एफएक्स-६३०० ऑक्टोबरात १३२ डॉलरला आला. मर्यादित पैशांत घरी संगणक जुळवू पाहणाऱ्या माणसापुढे त्या वर्षी आणि पुढची दोनएक वर्षे हाच पेच असे. आज हे दोन्ही प्रोसेसर नवे मिळत नाहीत, पण विषय संपलेला नाही. कार्यालयांतून निघालेले तिसऱ्या पिढीचे, म्हणजे आय३-३२२० च्याच पिढीचे, आय३ आणि आय५ संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइनही आजतागायत विकले जातात, अनेक घरांत मुलांच्या अभ्यासाला असाच एखादा संगणक असतो, आणि जुन्या एफएक्सचे काय करावे हा प्रश्न पडलेले लोकही कमी नाहीत.

कागदावरची माहिती आधी थोडक्यात पाहू. आय३-३२२० मध्ये दोन कोअर असून प्रत्येक कोअर हायपर-थ्रेडिंगमुळे दोन थ्रेड, म्हणजे सूचनांच्या दोन मालिका, हाताळतो. त्याची घड्याळगती ३.३ गिगाहर्ट्झ असून ती गरजेप्रमाणे वाढवणारी टर्बोची सोय त्यात नाही. ३ एमबीची एल-३ कॅश (लागणारी माहिती हाताशी ठेवण्याची प्रोसेसरमधली जागा), ५५ वॅटची उष्णता-मर्यादा आणि आतच बसवलेले एचडी २५०० हे छोटे ग्राफिक्स ही त्याची बाकीची सामग्री. एफएक्स-६३०० मध्ये तीन मॉड्यूल असून प्रत्येकात दोन याप्रमाणे सहा कोअर आहेत. त्याची गती ३.५ गिगाहर्ट्झपासून टर्बोमध्ये ४.१ पर्यंत जाते. प्रत्येक मॉड्यूलला २ एमबी एल-२, सर्वांना मिळून ८ एमबी एल-३, ९५ वॅटची मर्यादा, आणि ग्राफिक्स मात्र अजिबात नाही. एवढेच वाचून निर्णय घ्यायचा असता तर कोणीही एफएक्स उचलला असता, आणि अनेकांनी तो उचललाही.

मॉड्यूल ही काय भानगड होती

प्रोसेसरच्या आतली वाटणी समजण्यासाठी एखाद्या खानावळीचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणावे. प्रत्येक कोअर म्हणजे एक आचारी. त्याच्याकडे चिठ्ठ्या येतात. चिठ्ठी वाचायची, तिच्यावर काय मागितले आहे ते समजून घ्यायचे, सामान काढायचे आणि पदार्थ करायचा, हे त्याचे काम. प्रोसेसरमध्ये चिठ्ठी म्हणजे प्रोग्रॅममधली सूचना. सूचना आणणारा आणि तिची फोड करणारा भाग वेगळा असतो, पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी आणि तुलना करणारा भाग वेगळा, आणि दशांशचिन्हांचे अवजड गणित करणारा भाग, ज्याला फ्लोटिंग पॉइंट युनिट म्हणतात, तो आणखी वेगळा. वर्षानुवर्षांच्या प्रथेप्रमाणे हे सगळे भाग ज्याच्याकडे स्वतःचे आहेत त्याला कोअर म्हणत.

एएमडीने २०११ च्या बुलडोझर रचनेत ही प्रथा मोडली. एफएक्स-६३०० हा तिच्याच सुधारित, म्हणजे पाइलड्रायव्हर आवृत्तीचा. एएमडीच्या अभियंत्यांचा विचार असा होता, की संगणकाचे बहुतांश दैनंदिन काम पूर्णांकांचे असते आणि दशांशांचे अवजड गणित त्या मानाने कमी लागते. मग प्रत्येक आचाऱ्याला वेगळी मोठी शेगडी कशाला द्यायची? म्हणून त्यांनी दोन आचाऱ्यांची एक जोडी केली. दोघांना आपापला पोळपाट आणि आपापले लाटणे दिले, पण चिठ्ठ्या वाचून सामान काढून देणारा माणूस दोघांत एकच ठेवला आणि मोठी शेगडीही दोघांत एकच. ही जोडी म्हणजे एक मॉड्यूल. एफएक्स-६३०० मध्ये अशा तीन जोड्या आहेत. लाटणारे हात मोजले तर सहा, आणि शेगड्या मोजल्या तर तीन.

नुसत्या पोळ्यांची मागणी असेल तेव्हा ही व्यवस्था छान चालते. दोन्ही आचाऱ्यांना एकाच वेळी शेगडी हवी असली, की एक जण खोळंबतो. त्याहून मोठी अडचण चिठ्ठ्या वाचणाऱ्याची होती. दोघेही भराभर काम करू लागले की तो एकटा पुरा पडत नसे, आणि मग पोळपाटापाशी माणूस रिकामा उभा राही. जोडीतले दोन्ही कोअर कामाला लागले की दोन पूर्ण स्वतंत्र कोअरच्या सुमारे ८० टक्के काम होते, असे एएमडीचेच म्हणणे होते. ज्या कामात दशांशांचे गणित सतत लागते तेथे प्रत्यक्ष प्रमाण त्याहून खाली जाई. दोष कंपनीलाही ठाऊक होता, याचा पुरावा तिच्या पुढच्याच रचनेत मिळतो. स्टीमरोलर या नावाच्या त्या रचनेत प्रत्येक कोअरला सूचनांची फोड करणारा स्वतंत्र भाग देण्यात आला. पण एफएक्स-६३०० मदरबोर्डावरच्या ज्या एएम३+ खाचेत बसतो तिच्यासाठी स्टीमरोलर कधी आलाच नाही, आणि २०१७ मध्ये एएमडीची रायझन ही नवी मालिका येईपर्यंत एफएक्सचे गाऱ्हाणे तसेच राहिले.

इंटेलच्या आय३ मध्ये वाटणी उलट बाजूने केलेली आहे. तेथे आचारी दोनच, पण प्रत्येकाचे सगळे सामान स्वतःचे आणि चांगल्या प्रतीचे. हायपर-थ्रेडिंग म्हणजे अशा एका आचाऱ्याच्या हाती एकाच वेळी दोन चिठ्ठ्या देणे. एका चिठ्ठीवरची आमटी उकळायला ठेवली आहे आणि तोवर हात रिकामे आहेत, तर दुसऱ्या चिठ्ठीवरची कोशिंबीर करून घ्यायची. प्रोसेसरमध्ये असा रिकामा वेळ सतत येतो, कारण मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहण्यात कोअरचे शेकडो ठोके वाया जात असतात. दुसरी चिठ्ठी हाती दिल्याने आचारी दुप्पट होत नाही; कामाच्या स्वरूपानुसार साधारण पाव भाग जास्त काम निघते, कधी त्याहून अधिक तर कधी जवळजवळ शून्य. म्हणून विंडोज त्याला चार लॉजिकल प्रोसेसर म्हणते, चार कोअर म्हणत नाही.

मग एफएक्सला विंडोज तीन कोअर का म्हणते? बुलडोझर आला तेव्हा विंडोज ७ ला त्याची ही जोडीची रचना माहीत नव्हती. सहा आचारी दिसले की ते कोणालाही काम देई. त्यामुळे दोनच कामे असली तरी ती कधी एकाच जोडीच्या वाट्याला येत आणि शेजारच्या दोन जोड्या हातावर हात ठेवून बसत. जानेवारी २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने यासाठी विंडोज ७ ला एक दुरुस्ती दिली, आणि विंडोज ८ पासून ही समज मुळातच आली. तेव्हापासून विंडोज जोडीतल्या दुसऱ्या कोअरला हायपर-थ्रेडिंगच्या दुसऱ्या थ्रेडसारखे वागवते, म्हणजे आधी तिन्ही मॉड्यूलना एकेक काम देते आणि मगच दुसऱ्या हाताकडे वळते. टास्क मॅनेजरमधला तीनचा आकडा त्या सोयीतून आला आहे. तो न्यायनिवाडा नव्हे.

न्यायनिवाड्याचा प्रयत्न वेगळा झाला. आठ कोअर म्हणून विकलेल्या एफएक्स प्रोसेसरांत खरे आठ कोअर नाहीत, असा दावा २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाला आणि २०१९ मध्ये एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तो तडजोडीने मिटवला. चूक मात्र कबूल केली नाही. कोअर म्हणजे नेमके काय, याचे उत्तर न्यायालयाने द्यायचे राहूनच गेले. सहा कोअरच्या एफएक्स-६३०० चा त्या तडजोडीत समावेश नव्हता, हेही नोंदवायला हवे. मला विचाराल तर पूर्णांकांच्या कामापुरते हे सहा कोअर आहेत आणि दशांशांच्या कामापुरते तीन. एकच आकडा सांगायचा आग्रह धरला, की कोणत्या तरी कामाच्या बाबतीत तो खोटा ठरणारच.

ठोके जास्त, काम कमी

दुसरा गैरसमज गिगाहर्ट्झचा. ४.१ हा आकडा ३.३ पेक्षा मोठा आहे, तरीही एकाच थ्रेडचे काम करताना आय३ हा एफएक्सच्या पुढे असतो, आणि थोडाथोडका नव्हे तर सुमारे पाव ते एक तृतीयांश पुढे. याचे कारण असे की गिगाहर्ट्झ हे केवळ ठोक्यांचे माप आहे. ३.३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३३० कोटी ठोके. प्रत्येक ठोक्यात किती काम उरकते हे त्यात सांगितलेलेच नसते. पायंडलची गती मोजून सायकल किती अंतर गेली ते कळत नाही, गिअर कोणता होता तेही पाहावे लागते.

एफएक्सने जाणूनबुजून हलका गिअर निवडला होता. सूचनेवरचे काम जितक्या लहान-लहान टप्प्यांत तोडावे तितका प्रत्येक टप्पा लवकर संपतो आणि ठोके जलद देता येतात. टप्प्यांच्या या रांगेला पाइपलाइन म्हणतात. लांब पाइपलाइनची किंमत मात्र चुकीच्या अंदाजाच्या वेळी मोजावी लागते. प्रोग्रॅममध्ये ‘असे असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ अशी वळणे पदोपदी असतात, आणि उत्तर कळेपर्यंत थांबायला नको म्हणून प्रोसेसर आधीच अंदाज बांधून एका वाटेने सूचना रांगेत घालत जातो. अंदाज चुकला, की रांगेतले सगळे अर्धवट काम टाकून देऊन पहिल्यापासून सुरुवात. एफएक्समध्ये अशा एका चुकीपायी सुमारे वीस ठोके फुकट जातात. त्यातच त्याचा एकेक कोअर इंटेलच्या कोअरपेक्षा अरुंद आहे, म्हणजे एका ठोक्यात हाती घेता येणाऱ्या सूचना कमी. यावर उतारा म्हणून ठोके खूप वाढवायचे, असा बेत होता. पण ३२ नॅनोमीटरच्या उत्पादनतंत्रात ते बेताप्रमाणे वाढले नाहीत आणि वीज मात्र भरपूर खाऊ लागले.

गंमत अशी, की हीच चूक त्याआधी इंटेलने केली होती. २००४ मधल्या पेंटियम ४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीची पाइपलाइन ३१ टप्प्यांची होती, तो तापण्यासाठी प्रसिद्ध झाला, आणि २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आणून इंटेलला मागे फिरावे लागले. त्या काळी कमी ठोक्यांत जास्त काम करणारे प्रोसेसर विकून इंटेलची गंमत पाहणारी कंपनी एएमडीच होती. पुढच्याला ठेच लागली तरी मागचा शहाणा झालाच, असे दिसत नाही.

कॅशच्या बाबतीतही मोठा आकडा असाच फसवा ठरतो. पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ. हाताशी असलेला मिसळणाचा डबा म्हणजे एल-१ कॅश, मागची मांडणी म्हणजे एल-२, कोठीची खोली म्हणजे एल-३, आणि वाण्याचे दुकान म्हणजे मुख्य मेमरी. एफएक्सची मांडणी २ एमबीची, तर आय३ च्या प्रत्येक कोअरची अवघी २५६ केबीची. पण एफएक्सच्या मांडणीपर्यंत पोहोचायला जवळपास दुप्पट ठोके लागतात. एफएक्सची कोठीची खोली ८ एमबीची खरी, पण ती प्रोसेसरच्या वेगाने चालत नाही. तिचे घड्याळ स्वतंत्र आणि सुमारे २ गिगाहर्ट्झचे आहे. आय३ ची ३ एमबीची कोठी कोअरच्याच वेगाने धावते. घरात सामान पुष्कळ आहे पण काढायला माळ्यावर चढावे लागते, अशी एफएक्सची अवस्था.

सहा मंद हात आणि दोन चपळ हात

आता खरा प्रश्न. सहा मंद कोअर चांगले की दोन चपळ? याचे उत्तर प्रोसेसरमध्ये नसते, ते कामात असते, आणि जीन अ‍ॅम्डाल या संगणक-अभियंत्याने १९६७ मध्ये मांडलेल्या विचाराने त्याचा हिशेब करता येतो. कोणत्याही कामाचे दोन भाग पडतात. एक भाग असा, की तो एकामागून एक असाच करावा लागतो, आणि दुसरा असा, की तो अनेकांत वाटता येतो. भात शिजल्याशिवाय त्याला फोडणी देता येत नाही. मटार मात्र दहा जणांनी मिळून सोलता येतात.

हिशेबाच्या सोयीसाठी असे धरू, की मंद कोअरला एकट्याने १०० मिनिटे लागतील असे एक काम आहे, आणि चपळ कोअर त्याच्यापेक्षा ३० टक्के जलद आहे. हायपर-थ्रेडिंगचा फायदा आणि मॉड्यूलमधल्या वाटणीचा तोटा क्षणभर बाजूला ठेवू. कामातला फक्त दहावा हिस्सा वाटण्याजोगा असेल, तर सहा मंद कोअरना ९० मिनिटे एकेकट्याच्या भागाला आणि १० भागिले ६ म्हणजे पावणेदोन मिनिटे वाटलेल्या भागाला, अशी सुमारे ९२ मिनिटे लागतील. दोन चपळ कोअर हेच काम ९० अधिक ५ अशा ९५ मिनिटांना १.३ ने भागून ७३ मिनिटांत उरकतील. उलट दहातले नऊ हिस्से वाटण्याजोगे असतील, तर सहा कोअरना १० अधिक १५ अशी २५ मिनिटे पुरतील आणि दोन चपळ कोअरना ४२ मिनिटे लागतील. आणि काम बरोबर निम्मे-निम्मे असेल तर? सहा कोअरना ५८ मिनिटे, दोन कोअरना जवळजवळ ५८ मिनिटे. बाजूला ठेवलेल्या दोन्ही गोष्टी हिशेबात परत घेतल्या, तर हे पारडे आय३ च्या बाजूला थोडे झुकते. एवढ्यावरून लक्षात येईल, की ज्याने ‘एफएक्स भारी’ म्हटले आणि ज्याने ‘आय३ भारी’ म्हटले, ते दोघेही आपापल्या कामाविषयी बरोबर बोलत होते. भांडण मात्र प्रोसेसरवरून होत होते.

वेबपान उघडणे, टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, टॅलीसारखे प्रोग्रॅम, ही सगळी पहिल्या गटातली कामे आहेत. त्यांत एकाच थ्रेडची चपळाई दिसते आणि येथे आय३ निर्विवाद सरस आहे. व्हिडिओचे स्वरूप बदलणे, मोठ्या फाइली दाबून लहान करणे, त्रिमितीय चित्र तयार करणे, ही दुसऱ्या गटातली कामे आहेत. तेथे सगळे हात कामाला लागतात आणि एफएक्स साधारण एक तृतीयांश पुढे जातो. व्हिडिओच्या बाबतीत एक मेख आहे. आय३ च्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची व्हिडिओसाठीची खास यंत्रणा आहे आणि ती वापरणारे सॉफ्टवेअर असेल तर आय३ हेच काम फार लवकर करतो. तेवढ्याच आकाराच्या फाइलीत चित्राचा दर्जा किंचित कमी मिळतो, हे मान्य करूनच ती वापरायची.

गेमची गोष्ट सर्वांत रंजक आहे, कारण तेथे निकाल काळानुसार बदलला. २०१२ च्या सुमाराचे बहुतेक गेम एक-दोन थ्रेडवरच सारा भार टाकत. स्टारक्राफ्ट २ हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. त्यात आय३ समोर एफएक्स दमून जाई. मग नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही दोन यंत्रे आली. दोन्हींत एएमडीचेच आठ कोअर होते, पण फार हळू, २ गिगाहर्ट्झच्याही खाली चालणारे. त्या यंत्रांसाठी गेम लिहायचा तर काम अनेक कोअरमध्ये वाटण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि एकदा तसे लिहिलेले गेम संगणकावर आले की एफएक्सच्या सहा हातांना काम मिळू लागले. बॅटलफील्ड ४ मध्ये बरेच खेळाडू एकत्र असताना हा फरक दिसे. २०१४ अखेरीस आलेला फार क्राय ४ तर दोनच थ्रेड असलेल्या प्रोसेसरवर सुरूच होत नव्हता. आय३ ला तेथे हायपर-थ्रेडिंगच्या चार थ्रेडनी वाचवले. सेकंदाला सरासरी किती चित्रे, एवढेच पाहिले तर नंतरच्या गेममध्येही आय३ फार मागे दिसत नाही. पण दोनच कोअर पूर्ण भरलेले असताना मागे विंडोजचे एखादे काम सुरू झाले, की चित्र क्षणभर अडखळते, आणि खेळणाऱ्याला बोचते ते अडखळणे. सरासरीत ते लपून जाते.

माझे मत विचारले तर २०१२ मध्ये चार वर्षे गेम खेळण्यासाठी संगणक घेणाऱ्याने एफएक्स घेतला असेल तर तो पस्तावला नसेल; आणि कार्यालयासाठी वीस संगणक घेणाऱ्याने आय३ सोडून एफएक्स घेतला असेल तर त्याने हिशेब केलाच नव्हता.

विजेचे आणि कार्डाचे

कार्यालयाच्या हिशेबात दोन गोष्टी येतात. पहिली वीज. ९५ आणि ५५ वॅट हे आकडे वीजवापराचे नव्हेत, ते थंड ठेवण्याची व्यवस्था केवढी हवी याचे आहेत. तरी पूर्ण भाराखालचा फरक साधारण तेवढाच धरायला हरकत नाही. ४० वॅटचा फरक रोज आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरला तर ९६ युनिट होतात, आणि युनिटला ८ रुपये धरले तर ७६८ रुपये. पूर्ण भार दिवसभर कधीच नसतो, म्हणून प्रत्यक्ष फरक याहून कमी. एका संगणकापुरता हा खर्च किरकोळ आहे, पण इन्व्हर्टरवर चालणाऱ्या कार्यालयात तो वेगळ्या रीतीने जाणवतो.

दुसरी गोष्ट ग्राफिक्सची. आय३ चा संगणक वेगळ्या कार्डाशिवाय सुरू होतो. एफएक्सला एकतर कार्ड हवे, नाहीतर ७६०जी सारख्या चिपसेटचा, स्वतःचे जुजबी ग्राफिक्स असलेला मदरबोर्ड हवा. किमतीतला १५ डॉलरचा फरक येथे पुष्कळ वाढतो. त्या बदल्यात एफएक्स एक गोष्ट देतो, ती म्हणजे त्याचा गुणक (घड्याळगती ठरवणारा आकडा) खुला आहे, म्हणजे चांगला पंखा आणि दणकट मदरबोर्ड असेल तर त्याची गती हौसेने वाढवता येते. आय३ चा गुणक बंद आहे. बरेच स्वस्त एएम३+ मदरबोर्ड मात्र ही हौस सोसण्याइतके दणकट नव्हते, आणि वीज पुरवणारे त्यांचे भाग तापून एफएक्सची गती उलट खाली येत असे.

आजच्या बाजारात यांची किंमत काय करावी

दोन्ही प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. ती इंटेलच्या बाबतीत जवळपास आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे हे संगणक पुढे वापरायचे तर विंडोजऐवजी लिनक्स या कार्यप्रणालीचा विचार करणे शहाणपणाचे. तेथेही एक कुंपण आहे. एव्हीएक्स-२ नावाचा सूचनासंच दोघांतही नाही, आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० सारख्या काही नव्या आवृत्त्यांना तो सक्तीने लागतो. घरगुती वापराच्या बहुतेक आवृत्त्या अजून तो मागत नाहीत.

एफएक्सच्या बाजूने दोन गोष्टी सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. कूटलेखन जलद करणाऱ्या एईएस सूचना त्याच्यात आहेत आणि आय३-३२२० मध्ये इंटेलने त्या ठेवलेल्या नाहीत. संपूर्ण डिस्क कूटबद्ध करून वापरणाऱ्याला हा फरक जाणवतो. दुसरी गोष्ट जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाऊन या सुरक्षा-त्रुटीची. ती इंटेलच्या प्रोसेसरांत होती, एएमडीच्या नव्हती. तिच्यावरचा उपाय नव्या इंटेल प्रोसेसरांना फारसा जड गेला नाही, पण आय३-३२२० च्या पिढीत तो भार हलका करणारी एक सूचना नसल्याने, डिस्कवर सतत वाचन-लेखन करणारी कामे तेथे मंदावली. स्पेक्टर ही तिची बहीण मात्र दोन्हीकडे आढळली.

व्हिडिओ पाहण्यापुरते बोलायचे तर एचडी २५०० ग्राफिक्सला एच.२६४ स्वरूप उलगडता येते, पण यूट्यूब आज जे व्हीपी९ आणि एव्ही१ देते ते येत नाही. तो भार मग दोन कोअरवर पडतो आणि साठ चित्रांचा व्हिडिओ चालू असताना पंख्याचा आवाज वाढतो.

राहिला प्रश्न खरेदीचा. घरात एफएक्स-६३०० असेल आणि चालत असेल, तर एसएसडी आणि ८ जीबी मेमरी घालून तो वापरत राहावा; त्यासाठी नवा मदरबोर्ड शोधत बसू नये, कारण एएम३+ चे बोर्ड आता दुर्मीळ झाले आहेत आणि जे मिळतात त्यांचे वय झालेले असते. आय३ च्या एलजीए ११५५ खाचेसाठी एच६१ चिपसेटचे बोर्ड अजून सहज मिळतात आणि त्यात आय५-३४७० बसतो. त्याच्यात चार खरे कोअर आहेत, टर्बो आहे, एईएसही आहे, आणि तो वापरलेला घेतला तर आय३ पेक्षा फारसा महागही पडत नाही. जुना मूळ बोर्ड ठेवून केवळ प्रोसेसर बदलायचा असेल, तर आधी बोर्डाच्या बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती पाहून घ्यावी. सुरुवातीचे एच६१ बोर्ड दुसऱ्या पिढीसाठी निघाले होते आणि बायोस अद्ययावत केल्याशिवाय तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर ओळखत नाहीत. दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी संगणक सुरू करून टास्क मॅनेजर उघडावे. आय५-३४७० असेल तर तेथे कोअर चार आणि लॉजिकल प्रोसेसरही चारच दिसायला हवेत. कोअर दोन आणि लॉजिकल प्रोसेसर चार दिसले, तर हातात पुन्हा आय३ च आलेला आहे.